सेंडवरची सहा मिनिटं

कॅनडाच्या सैन्यात मी जेवढे गोळे डागले ते सगळे बर्फावर. हे ऐकून कॅल्गरीतले आपले लोक हसतात. मंडळाच्या गणपतीत मला दोनदा त्यावर बोलायला लावलं, आणि दोन्ही वेळा मी गमतीच्या चार गोष्टी सांगून खाली बसलो. उरलेलं इथे लिहितो.

मी मूळचा नागपूरचा. कॅल्गरीत तेल कंपनीतली नोकरी गेली आणि तेहेतिसाव्या वर्षी मी आर्टिलरीत गनर म्हणून भरती झालो. डोकं ठिकाणावर आहे का, असं बायकोने विचारलं. मार्चअखेरीस आमच्या तुकडीची पोस्टिंग ब्रिटिश कोलंबियातल्या एका उंच घाटात झाली. डोंगरावर साचलेला बर्फ हायवेवर कोसळून गाड्या गाडण्याआधी आपणच रस्ता बंद करायचा, तोफेने वरच्या उतारावर गोळे मारायचे आणि बर्फ आपल्या वेळेला खाली पाडायचा, हे काम. गोळा कुठे मारायचा ते बर्फाचा अंदाज बांधणारी एक सिव्हिलियन फोरकास्टर सांगायची. आम्ही सहाजण, आणि वर आमची सार्जंट. नोव्हा स्कोशियाची, कमी बोलणारी बाई.

वसंतातला बर्फ लबाड असतो. रात्री गोठून दगड होतो, सकाळी त्यावर बूट वाजतात. अकरापर्यंत ऊन लागलं की आत पाणी झिरपतं आणि दुपारी त्याच जागी पाय गुडघ्यापर्यंत जातो. रात्री आभाळ असेल तर तो गोठतच नाही. उतारावरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप घरंगळायला लागले की समजायचं, डोंगर ढिला झालाय. ते गोळे दिसले की मी आधी पळायची वाट बघून ठेवायचो. लपवण्यासारखं त्यात काही नाही, मी भित्रा होतो.

प्रत्येकाच्या छातीवर बीकन बांधलेला असे. दिवसभर तो सेंडवर, म्हणजे सिग्नल सोडत राहतो. कुणी गाडलं गेलं तर बाकी सगळ्यांनी आपला बीकन ताबडतोब सर्चवर टाकायचा, म्हणजे तो सिग्नल सोडणं थांबवून दुसऱ्याचा शोधायला लागतो. मग हवेत एकच सिग्नल उरतो, गाडलेल्याचा. मी दिवसातून वीस वेळा झिप उघडून बघायचो, सेंडवर आहे ना.

"काका, तो पळून नाही जाणार," मेल्विन म्हणायचा. "रिलॅक्स, मॅन."

मेल्विन बॉम्बार्डियर, म्हणजे रँकने माझ्या वर आणि वयाने आठ वर्षांनी लहान. आईवडील वसईचे, हा वाढला पूर्वेकडे, मोठ्या तळ्याकाठच्या व्हिटबीत. तुकडीत मराठी बोलणारे आम्ही दोघेच.

"तुले काय समजते बे," मी म्हणायचो. "बर्फ पाहिला तरी का कधी? लेकच्या काठचा तू."

"आमच्या ड्राइव्हवेवरचा मीच शोव्हल करायचो, काका. एव्हरी संडे, बिफोर मास."

त्या एप्रिलमध्ये सलग दोन रात्री आभाळ होतं. तिसऱ्या दिवशी पहाटेही तापमान शून्याच्या खाली गेलं नाही. १३०० वाजता रस्ता बंद झाला आणि १३१० ला आम्ही पहिला गोळा डागला. नऊ गोळे गेले. समोरचा मोठा उतार जागचा हलला नाही.

रेडिओवर फोरकास्टर म्हणाली, "नो रिझल्ट. होल्ड फायर. वेट."

आम्ही थांबलो. सार्जंटने मेल्विनला खाली ट्रकमधून आणखी दोन गोळे आणायला पाठवलं. ट्रक साठ मीटरवर होता. आम्ही सगळे समोरच्या डोंगराकडे बघत होतो. सुटला तो आमच्या पाठीमागचा लहान उतार. त्याला नकाशावर नाव नव्हतं, नंबरही नव्हता. मोठा आवाजही झाला नाही. ओलं, जड असं काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, आणि वळून पाहिलं तर ट्रककडची वाट नव्हती, मेल्विनही नव्हता. १३४० वाजले होते.

"एव्हरीबडी टू सर्च!" सार्जंट ओरडली. "नाऊ!"

मी बीकन सर्चवर टाकला. मग वर पाहिलं. उतारावरचा अर्धा बर्फ अजून तसाच लटकत होता आणि त्यातून ते छोटे गोळे घरंगळत होते. हा पण येणार, मी गाडला जाणार, आणि मी सर्चवर असेन तर मला कुणी शोधणार नाही, एवढंच डोक्यात आलं. मी बटण परत सेंडवर सरकवलं. झिप लावली. फावडं घेतलं आणि सार्जंटच्या खालोखालच्या मास्टर बॉम्बार्डियरच्या मागे धावलो.

त्याच्या बीकनच्या स्क्रीनवर अंतराचा आकडा उतरत होता. "थ्री मीटर्स! राइट हिअर! डिग!"

आम्ही खणलं. काही नाही. तो दोन पावलं सरकला. मी त्याच्याबरोबर सरकलो. "हिअर! डिग!" ओला बर्फ थांबला की सिमेंटसारखा होतो. मी जीव तोडून खणत होतो. माझ्याच सिग्नलवर खणत होतो आणि मला ते कळत नव्हतं, कारण मी काय केलंय ते मी त्या घटकेला पार विसरलो होतो.

सार्जंट एकेकाच्या छातीशी जाऊन बघत आली. माझी झिप तिने स्वतः उघडली. लाल दिवा लुकलुकत होता.

"यू आर ऑन सेंड," ती म्हणाली. ओरडली नाही.

तिने तो बंद केला. मास्टर बॉम्बार्डियरच्या स्क्रीनवर लगेच दुसरा आकडा आला. मेल्विन तिथून चौदा मीटरवर, उताराच्या खालच्या बाजूला गाडला होता. १३५८ ला त्याचा चेहरा उघडा झाला. हेलिकॉप्टर येईपर्यंत आम्ही पाळीपाळीने त्याची छाती दाबत होतो. उपयोग झाला नाही.

चौकशी झाली. सहा मिनिटं वाया गेली, असं सार्जंटने वेळ लावून लिहिलं होतं. रिपोर्टात आलं, एका सैनिकाचा बीकन सर्चवर टाकायचा राहिला. राहिला. मी त्याखाली सही केली. आधी सापडला असता तर वाचला असता का, यावर डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. पुढच्या वर्षी मी सैन्य सोडलं.

त्यानंतर तीन वर्षांनी मी व्हिटबीला गेलो. मेल्विनच्या आईने दार उघडलं. मेल्विनने पाठवलेल्या तुकडीच्या फोटोवरून त्या मला ओळखत होत्या. किचन टेबलाशी बसवलं, चहा ठेवला. मी म्हटलं, "आंटी, तो बीकन राहिला नव्हता. मी सर्चवर टाकून परत फिरवला. मला माझ्या जिवाची भीती वाटली."

त्यांनी आपला कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "रिपोर्टात वाचलं होतं. सहाच मिनिटं ना?"

"हो."

त्या उठल्या आणि स्टोव्हवरच्या टायमरला सहा मिनिटं लावली. परत माझ्यासमोर येऊन बसल्या. खिडकीबाहेर शेजारी लॉन साफ करत होता. पहिल्या मिनिटातच मला उठून पळावंसं वाटलं. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी डोळे मिटले आणि माझा हात धरला. धीर द्यायला नव्हे, मी उठू नये म्हणून.

टायमर वाजला. त्यांनी तो लगेच बंद केला नाही.

"खूप वेळ असतो रे," त्या म्हणाल्या. "माझा मेल्विन एवढा वेळ वाट बघत होता."