बिनआवाजाचं ऑपरेशन

चाळीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहिले आणि सिनेमात आले ती फक्त मनगटापासून पुढे. बाकीची मी, म्हणजे तोंड, डोळे आणि नर्सिंगची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेलं डोकं, कॅमेरावाल्यांना घ्यावंसं वाटलं नाही. तेव्हा मी पंचविशीची होते. राजूरच्या कोळसा खाणीत राबणाऱ्या माणसाची मुलगी, यवतमाळच्या दवाखान्यात नवी नवी लागलेली. राग आला तो मी गिळला. आता गिळत नाही, म्हणून आधी सांगून टाकलं.

झालं होतं असं. आमच्या डॉक्टरांचे एक मित्र नागपूरला डॉक्टरकीच्या मुलांना शिकवायचे. मुलांना दाखवायला हर्नियाच्या ऑपरेशनची फिल्म हवी, म्हणून ते एक दिवस कॅमेरा घेऊन आले आणि स्टुलावर उभं राहून त्यांनी सगळं ऑपरेशन टिपलं. आमच्या थिएटरमध्ये चार माणसं कशीबशी मावायची. त्या दिवशी सहा होतो, पंखा बंद आणि अंगातून घामाच्या धारा. पुढे त्या फिल्मची एक प्रत पत्र्याच्या गोल डब्यातून आली. ती लावून पाहायचं यंत्र कुणाकडेच नव्हतं. डबा डॉक्टरांच्या कपाटात गेला आणि तिथेच पडून राहिला.

डॉक्टर मागच्या वर्षी गेले. त्याआधी दोन वर्षं त्यांची वाचा गेलेली होती. एका सकाळी पिशवी घेऊन भाजीला निघाले आणि चौकात कोसळले. उजवं अंग लुळं पडलं, बोलणं गेलं. डाव्या हाताने जेवायचे, डोळ्यांनी हसायचे, पण शब्द म्हणून एकही फुटला नाही.

वहिनींचं, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोचं, दुखणं त्या सकाळपाशीच अडकलेलं. डॉक्टर निघत असताना त्यांनी रोजच्यासारखी भाजीची यादी सांगितली आणि रोजच्यासारखंच वर सुनावलं, "पण सांगून काय उपयोग? माझ्या बोलण्याकडे तुमचं कधी लक्षच नसतं." डॉक्टर दारात वळले. काहीतरी बोलणार होते. पण वहिनी तोवर स्वयंपाकघरात निघून गेल्या होत्या.

"ते काय बोलणार होते हो, सिस्टर?" हे त्यांनी मला किती वेळा विचारलं असेल, त्याला गणती नाही. मी काय सांगणार? चहा घेऊन मी घरी येत असे. त्यांना डॉक्टरांचा आवाज पुन्हा एकदा ऐकायचा होता, कुठलाही, रागावल्याचा का असेना. घरात लग्नांचे, बारशांचे व्हिडिओ ढीगभर. पण त्यात डॉक्टर मागे उभे राहून नुसते हसतात, आणि जिथे तोंड उघडतात तिथे नेमका बँड सुरू होतो. म्हणून त्यांच्या मुलाने तो जुना डबा पुण्याला नेऊन त्यातलं सगळं पेनड्राइव्हवर उतरवून पाठवलं, तेव्हा वहिनींचा मला फोन आला.

"सिस्टर, दुपारी या. यांची फिल्म आली आहे. आवाज ऐकायचा आहे."

ऑटोत बसल्यावर मी आठवून पाहिलं. कॅमेऱ्याची घरघर मला नीट आठवत होती. माइक कुठे ठेवला होता, ते मात्र काही केल्या आठवेना.

घरी वहिनींची कॉलेजात शिकणारी नात टीव्हीला पेनड्राइव्ह लावून बसली होती. वहिनींनी साडी बदलली होती, चांगली, इस्त्रीची. ती पाहून माइकचं बोलायचं मी टाळलं.

फिल्म सुरू झाली. रंग उडून सगळं तांबूस झालेलं. हिरव्या चादरी, मधे चौकोनी भोक, त्यातून दिसणारं औषध फासलेलं पोट. दोन्ही बाजूंनी हात. डॉक्टरांची उंच मान, टोपी आणि मास्क यांच्यामधले डोळे. समोर माझे पंजे. ते मी लगेच ओळखले, कारण हातमोजे बोटांच्या टोकांशी ढिले लोंबत होते. तेव्हा मोजे धुऊन, पावडर लावून, पुन्हा पुन्हा वापरायचो, आणि माझ्या मापाचे त्या दवाखान्यात कधी आलेच नाहीत.

"आवाज वाढव गं," वहिनी म्हणाल्या.

"फुल्ल आहे, आजी."

"मग ऐकू का येत नाही?"

नातीने रिमोट दोन-तीनदा दाबून पाहिला. मग हळूच म्हणाली, "यात आवाज नाहीच आहे, आजी. तेव्हाची फिल्म अशीच असेल."

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. पडद्यावर डॉक्टर मान हलवून काहीतरी सांगत होते, मास्क आतबाहेर होत होता. "असू दे," त्या म्हणाल्या. "बंद कर."

मला ते पाहवेना. "बंद नोको करू," मी नातीला म्हणाले. "वहिनी, तुमी इकडे पाहा. आता सर म्हणून राह्यले, 'सिस्टर, लाइट खाली.'"

आणि पडद्यावर उजेडाचा गोळा खाली सरकला.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "तोंडावर तर मास्क आहे. तुम्हाला कसं कळलं?"

"मले नाही कळणार तं कोणाले कळन?" मी म्हणाले. जरा तोऱ्यातच म्हणाले.

मग मी थांबलेच नाही. डॉक्टरांचा डावा हात उताणा समोर आला, म्हणजे 'आर्टरी', रक्त थांबवायचा चिमटा. दोन बोटं हलली, म्हणजे 'कात्री'. एकदा कात्री द्यायला माझा हात चुकला, तशी डॉक्टरांची मान वर झाली. मी त्यांच्या खर्जातल्या आवाजात म्हणाले, "झोप झाली नाही का, सिस्टर?" वहिनी एकदम हसल्या. "असंच म्हणायचे," त्या म्हणाल्या, "अगदी असंच! मलासुद्धा!" त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या. पुढची काही मिनिटं त्या खोलीत डॉक्टर माझ्या तोंडून बोलत होते, आणि मला त्याचा थोडासुद्धा संकोच वाटला नाही.

मग टाके घालायची वेळ आली. त्याआधी डॉक्टर नेहमी एकच शब्द विचारायचे, "पूर्ण?" म्हणजे आत टिपायला घेतलेले गॉजचे तुकडे मोजून सगळे बाहेर आले का? मी मोजायची आणि म्हणायची, "पूर्ण, सर." हे म्हटल्याशिवाय ते सुईला हात लावत नसत. एकदा पोटाच्या एका ऑपरेशनात एक तुकडा कमी भरला. मोठे डॉक्टर पाहायला आलेले, सगळे म्हणत होते की मोजण्यात चूक असेल, मिटवून टाका. मी नाही म्हणाले. अर्धा तास शोधला, तेव्हा तो माझ्याच चपलेच्या तळाला चिकटलेला निघाला. सगळे माझ्यावर उखडले. डॉक्टर तेवढे म्हणाले, "सिस्टर पूर्ण म्हणतात तेव्हा ते पूर्णच असतं." नोकरीत मला दुसरं बक्षीस मिळालं नाही, आणि लागलंही नाही.

पडद्यावर टाके सुरू झाले. तीन टाके झाले असतील आणि अचानक डॉक्टरांचे खांदे गदगदा हलायला लागले. ते हसत होते. सुई धरलेला हात त्यांनी वर उचलून धरला होता.

"इथे काय झालं?" वहिनींनी विचारलं. "काय म्हणाले?"

मी आठवायचा प्रयत्न केला. काहीच आलं नाही.

"नाही आठवत जी, वहिनी."

"आठवा ना. काहीतरी सांगा."

काहीतरी सांगणं सोपं होतं. कुणाला कळणार होतं? पण ते माझ्याच्याने होईना. "जे नाही आठवत, ते कसं सांगू?" मी म्हणाले. वहिनींनी मान फिरवली. मला माझाच राग आला, तो नेहमीचा, कुठे ठेवावा ते न कळणारा.

"पुन्हा लाव," मी नातीला म्हटलं. ती मागे गेली. या वेळी मी डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. माझ्याच हाताकडे पाहत बसले, कारण दुसरं माझं तिथे काही नव्हतंच. उजव्या हातात दोरा कापायची कात्री. डावा पंजा हिरव्या चादरीवर मोकळा. डॉक्टरांनी पहिला टाका ओढला आणि माझी करंगळी मिटली. मग शेजारचं बोट. मग मधलं. मग अंगठ्याशेजारचं. अंगठा उभाच राहिला. डॉक्टर थांबले, खांदे हलले, आणि मग अंगठा मिटला. मिटलेली मूठ मी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी मान डोलावली.

गॉज आम्ही बोटांवर कधीच मोजत नव्हतो. ते स्टँडला टांगून मोजायचे असतात. मग हे काय होतं, ते मला आठवलं, आणि एकदम सगळंच आठवलं.

"वहिनी," मी म्हणाले, "हे तुमची यादी म्हणून राह्यले."

"कसली यादी?"

"भाजीची! तुमी सकाळी सांगायच्या ना, ती."

ते रोजचंच होतं. सकाळी हात धुताना डॉक्टर मला म्हणायचे, "सिस्टर, आज पाच आहेत." आणि पाची नावं सांगायचे. टाके घालताना ती पुन्हा एकदा म्हणून पाहायचे, विसरली तर नाहीत ना म्हणून. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून बोटं माझी. पाची आली की मी मूठ दाखवायची. याचा अर्थही तोच, पूर्ण. त्या दिवशी ते म्हणाले होते, वांगी, भेदरं, सांबार, अद्रक. भेदरं म्हणजे आमच्याकडे टोमॅटो आणि सांबार म्हणजे कोथिंबीर. आणि पाचव्याला अडले. पेशंट कापसाच्या जिनिंगमधला हमाल होता. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलेलं, पण माणूस टक्क जागा. यादी त्यानेही सकाळीच ऐकली होती. चादरीपलीकडून तो ओरडला, "सायेब, मिरच्या राह्यल्या ना बावा!"

वहिनी इतक्या हसल्या की नातीने पाणी आणलं. हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले. मग पदराने डोळे पुसून त्यांनी मुद्द्याचंच विचारलं, "इतकं पाठ असायचं, तर घरी वांग्याच्या जागी कोहळं कसं यायचं?"

आता लपवून काय करायचं होतं? "बाजारात जुने पेशंट भेटायचे," मी सांगितलं. "बाभुळगावकडची तांड्यावरची एक बाई भाजी घेऊन बसायची. तिचं ऑपरेशन सरांनी केलं होतं. सर दिसले का ती त्यांच्या पिशवीत कोहळं कोंबायची, पैसे घेत नव्हती. पिशवी तिथंच भरून जाये. मी पाह्यलं आहे. मले म्हणाले, 'घरी सांगू नका. ती परत करायला पाठवेल आणि त्या बाईला वाईट वाटेल.'"

"मी पाठवलंच असतं," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे चाळीस वर्षं विसरभोळे म्हणवून घेतलं, पण बोलले नाहीत."

त्या पुन्हा हसतील असं मला वाटलं. पण त्या हसल्या नाहीत. पडद्यावर चित्र थांबलेलं होतं, माझी मूठ आणि डॉक्टरांचे डोळे. वहिनी त्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी स्वतःचा डावा हात वर केला आणि करंगळी मिटली. शेजारचं बोट. मधलं. हळूहळू.

"हे असंच ना?" त्यांनी विचारलं.

"हो जी."

"हे तर ते करायचे." त्या म्हणाल्या. "पलंगावर पडल्या पडल्या. दोन वर्षं. एकेक बोट मिटायचे आणि मूठ माझ्यासमोर धरायचे. व्यायाम शिकवायला तो मुलगा येई ना, त्याने दोन्ही हातांची मूठ उघड-मीट करायला सांगितलं होतं. मला वाटलं, व्यायाम करून राहिले. मी म्हणायची, शाब्बास, आता आणखी एकदा. मग ते डोळे मिटून घ्यायचे. आणि पुन्हा पहिल्यापासून करायचे, सिस्टर. पुन्हा करंगळीपासून."

नात येऊन आजीला बिलगली. मी कशालाही रडत नाही, अशी माझी ख्याती होती. त्या दुपारी ती गेली.

"त्या दिवशी तू काय काय सांगितलं होतंस, आजी?" नातीने जरा वेळाने विचारलं.

वहिनी ताठ बसल्या. "वांगी," त्या म्हणाल्या आणि करंगळी मिटली. "सांबार. लिंबं. अद्रक." चार बोटं मिटली. अंगठा उभा राहिला.

"आणि..." त्या म्हणाल्या. अंगठा तसाच. "आणि काय सांगितलं होतं मी?"

त्यांनी नातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "त्यांना पाठ होतं, सिस्टर. दोन वर्षं पाठ होतं. आणि मला आठवत नाही."

या वेळी चादरीपलीकडून ओरडून सांगणारं कुणी नव्हतं. वहिनींचा अंगठा उभाच होता. मोजून चार झाली होती, एक कमी होतं, आणि कमी असताना मी आयुष्यात कधी तो शब्द उच्चारला नव्हता. मी खुर्ची सरकवली, त्यांचा अंगठा हलकेच मिटवला आणि ती मूठ माझ्या दोन्ही हातांत धरली.

"पूर्ण, वहिनी," मी म्हणाले.