जिनाच्या फाटकापाशी कन्हेर

त्या बाबाजीचं नाव मले आजही मालूम नाही. माहा नवरा दारव्ह्याले कापसाच्या जिनात, सरकी काढाच्या कारखान्यात, कामाले होता, अन् आमच्या खोलीसमोर, फाटकापाशी, हे म्हातारे चौकीदार रोज सकाळी कन्हेरीले पाणी घालत. मंग एकेक पान वल्ल्या फडक्यानं पुसत, कापसाची धूळ बसे ना त्याच्यावर! बाराही महिने हिरवीगार, लाल फुलाईनं भरलेली कन्हेर.

अन् माह्यं लेकरू नुकतंच रांगाले लागलं होतं. दिसलं ते तोंडात घाले. शेजारीण म्हणे, "कन्हेर जहर हाय वो! पान चावलं त पोरगं हाती लागत नाही." तवापासून माह्या जिवाले थाराच नाही. भाकर थापता थापता उठो, बाहीर पाहो, पुन्हा बसो. लेकरू गप्प झालं की मी पयालीच.

शेवटी मी म्हटलं, "बाबाजी, उपटून टाका हे झाड!"

दुसऱ्या दिवशी त्याईनं कन्हेरीभवती बोरीच्या काटेरी फांद्या रोवल्या. बोटं सारी रगतानं भरली होती.

"काटे कायले?" मी वरडली. "लेकराले टोचन ना!"

"टोचू दे, पोरी. टोचलं त रडन. रडलं त तुले आयकू येईन."

त्याच दुपारी लेकरू जोरात रडलं. मी पिठाच्या हातानं धावली. ते काट्याच्या अलीकडंच बसलं होतं, तोंड रिकामं, तळहातात काटा. मी तो काढला. लेकरू रडतच होतं, अन् ते आयकून मले बरं वाटून राह्यलं होतं.