क्रांतीच्या अळ्यांसाठी कडीपत्ता

शालूबाईंना काळजी करायला कारण लागत नसे. केरबा फौजेत होते तेव्हा ते सीमेवर म्हणून काळजी. पेन्शन घेऊन घरी आले, तर आता हा माणूस दिवसभर करणार काय, ही काळजी. कुलूप लावून बाहेर पडल्या की फाट्यावरून एकदा तरी माघारी फिरायच्या, गॅस बंद केला का ते बघायला. तो बंदच असायचा. त्यामुळे घरात त्यांच्या काळजीला कुणी भीक घालत नसे.

सध्या जीव टांगणीला लागला होता नातीपायी. क्रांतीला कराडजवळ, मलकापूरच्या पुढं, एका खासगी फुलपाखरू उद्यानात नुकतीच नोकरी लागली होती. नोकरी कसली, तर अळ्या सांभाळायची! केरबांना त्याचं भारी हसू यायचं. "आमी जन्मभर अळ्या मारल्या, आन् नात पगार घिऊन पाळतीया." शालूबाईंना मात्र हसू येत नव्हतं. पोरगी शिकाऊ म्हणून घेतलेली, उद्यानाच्या मदिहा मॅडम कडक. अळ्या दगावल्या तर नोकरी गेलीच म्हणायची. क्रांती स्वतःच तसं बोलली होती. वर म्हणाली होती, "आज्जी, उन्हाचा कडीपत्ता लय कमी पडतोय गं. अळ्या उपाशी ऱ्हात्यात."

मग काय! रविवारी दोघं उद्यान बघायला निघाली, तेव्हा एसटीत शालूबाईंच्या मांडीवर ओल्या फडक्यात बांधलेला कडीपत्त्याचा हा एवढा भारा होता. नातीकडं रिकाम्या हातानं जायचं तरी कसं? परसातलं झाड त्यांनी जवळजवळ बोडकं केलं होतं. पानंही अशी तकतकीत की एकाला कीड म्हणून नाही.

भारा बघून क्रांती हरखली. तो घेऊन आत पळाली, आणि अळ्यांच्या पेट्यांमध्ये पानं पसरूनच बाहेर आली. मग तिनं दोघांना जाळीच्या मोठ्या मांडवात नेलं. आत दमट उकाडा होता, फवाऱ्यांचं पाणी ठिबकत होतं आणि डोक्यावरून, खांद्यावरून फुलपाखरं जात होती. एक मोठं काळं, पांढऱ्या ठिपक्यांचं, केरबांच्या टोपीवर येऊन बसलं. केरबा सावधानच्या पवित्र्यात ताठ उभे राहिले, हलायला तयार नाहीत. शालूबाईंना कितीतरी दिवसांनी मोकळं हसू आलं.

"ह्ये कशातनं निपजतंय?" केरबांनी विचारलं.

"चला दावते," म्हणत क्रांती त्यांना पेट्यांपाशी घेऊन गेली. हिरव्या, गुबगुबीत अळ्या कडीपत्त्यावर तुटून पडल्या होत्या. तेवढ्यात मॅडमनी हाक मारली, म्हणून ती तिकडं गेली.

केरबा वाकले, निरखून बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अगं, ह्या तर आपल्या कडीपत्त्यावर व्हत्या," ते हळूच म्हणाले. "परवा वांग्यावर औषध मारलं, पंपात उरलं व्हतं. वाया कशाला घालवायचं, म्हनून झाडावर मारलं की."

शालूबाईंनी त्यांचा दंड धरला. "आवं, मग मला सांगायचं न्हाई?"

"दरसाल मारतुया. त्यात काय सांगायचं? आता गप ऱ्हा. आपुन जाऊ घरी."

पलीकडं मॅडम क्रांतीला काहीतरी कौतुकाचं सांगत होत्या. पोरीचा चेहरा खुलला होता. सांगावं तर तिची नोकरी जाणार, न सांगावं तर अळ्या जाणार आणि मग नोकरीही. पेटीत एक अळी पान सोडून खाली पडली आणि आळोखेपिळोखे देऊ लागली. ते काही त्यांना बघवेना.

"क्रांते!" त्या ओरडल्याच. "पानं काढ! आदी पानं काढ, औषध हाय त्याच्यावर!"

क्रांती धावत आली. दोघींनी भराभर पानं उपसली. मॅडमनी एकेक अळी ब्रशनं उचलून दुसऱ्या पेटीत ठेवली. पुष्कळशा वाचल्या, काही मात्र हिरवं पाणी ओकून थंड झाल्या. शालूबाई पदराचा बोळा तोंडाशी धरून उभ्या होत्या.

"माझ्या नातीचा काय बी दोष न्हाई," त्या मॅडमना म्हणाल्या.

"आहे, आजी. न विचारता बाहेरचं पान घातलं," मॅडम म्हणाल्या, आणि क्रांतीकडं वळल्या. "उद्यापासून पान कुठलं, फवारलेलं आहे का, हे विचारल्याशिवाय पेटी उघडायची नाही."

शालूबाईंनी 'उद्यापासून' एवढंच ऐकलं. पोरगी उद्याही इथं असणार होती. त्यांना रडूच आलं.

मॅडम हात धुता धुता म्हणाल्या, "पण आजी, हाच कडीपत्ता तुम्ही घरात वापरता?"

"आमी धुऊन खातो," केरबा ठसक्यात म्हणाले.

क्रांतीनं मेलेल्या अळ्यांवरची नजर काढली नाही. "मी बी धुतलाच व्हता, आजोबा. दोनदा."

शालूबाईंनी मोबाइल काढला आणि घरी सुनेला लावला; धाकटा नातू याच वेळी जेवायला बसायचा. "राजेश्वरी, शिवतेज जेवला का गं?"

"आत्ताच बसलाय. का वो?"

"त्येच्या म्होरलं ताट उचल. आमटी वतून टाक."

"आवं, पर झालंय काय?"

परसातल्या त्या झाडाची फोडणी घर इतकी वर्षं खात आलं होतं. "आदी ताट उचल, मग सांगते," शालूबाई म्हणाल्या.