वाऱ्याशिवाय वाजणारा आकडा

परवा भाट्याच्या खाडीवर भर दुपारी माझी बोबडी वळली… आणि तीही एका खिडकीपायी!

मी फिटर. मुंबईच्या गोदीत साहेबाच्या हाताखाली हात काळे केले, आता गावी रत्नागिरीत होड्यांचं लोखंड-पितळ बघतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, स्क्रूवर आहे… तोही फिरवून बघितल्याशिवाय नाही.

तर झालं असं… आगबोट बंदराबाहेर नांगरते, तिथवर उतारू न्यायला आमच्या शेटने एक जुनी लाँच विकत घेतली. पावसाळ्यापुरती ती काठावर ओढून ठेवलीय. नारळी पौर्णिमेआधी तिच्या केबिनच्या खिडक्यांचं सगळं जुनं सामान बदलायचं काम माझ्याकडे आलं.

लाँच चालवायला शेटने नेमलेला तांडेल सदू मात्र केबिनमध्ये पाय ठेवेना. "आत घंटा वाजता. वारा नसला तरी वाजता," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, आरती झाली की प्रसाद मलाही दे रे… तो हसला नाही.

त्याच्या न हसण्याला कारण आहे. त्याचा थोरला भाऊ गलबतासकट वादळात गेला. फळ्या मिऱ्याच्या किनाऱ्याला लागल्या, माणूस लागला नाही. त्याची बायको, म्हणजे सदूची वहिनी, समुद्रावरून आलेल्या प्रत्येकाला एकच विचारते… केबिनीत पाणी शिरलं तर माणसाला बाहेर पडता येतं का? लोक काहीबाही बोलून सटकतात. मीही एकदा सटकलोय.

असो. खिडक्यांवर रंगाचे इतके थर, की खाली लोखंड आहे की पितळ ते कळायला मार्ग नाही. आधी लोहचुंबक लावला. चिकटलं ते लोखंड, बाद. उरलेल्यावर कानस मारली… खारं पाणी पितळातलं जस्त खातं, मग ते आतून गुलाबी पडतं. दिसायला धडधाकट, पण पिळलं की बिस्किटासारखं तुटतं. बिजागऱ्या, कड्या, सगळं तसलंच निघालं.

शेवटी हातोडीचा हलका टोला मारून ऐकायचं, ही आमची जुनी रीत. कुजलेलं पितळ ठक् करून गप्प बसतं. एका खिडकीचा आकडा मात्र, म्हणजे ती आतून अडकवायचा हूक हो… घणघणला. देवघरातल्या घंटेसारखा. अस्सल कासं! मी खूश होऊन हातोडी खाली ठेवली.

आणि तो पुन्हा वाजला.

पाऊस थांबलेला. बाहेर माडाची झावळी हलत नव्हती. मी आकडा मुठीत धरला, तर तो मुठीतही थरथरत होता… पकडलेल्या चिमणीसारखा. अंगावर सर्रकन काटा आला.

पळावं म्हणून वळलो, तर केबिनच्या दारात सदूची वहिनी! ती घाबरायला नको म्हणून सदूने घरी अवाक्षर काढलं नव्हतं. "ही लाँच काठाला आली तवापासना आमचापण वाजता हाय, भाऊ," ती म्हणाली आणि तिने पदरातून हुबेहूब तसाच आकडा काढला.

त्यांच्या घरात एक रीत आहे. नवं गलबत बांधताना घरातली मोड, म्हणजे फुटकी भांडी, ओताऱ्याला द्यायची… घरचा धातू दर्यावर सोबत राहतो. नवऱ्याच्या गलबतासाठी तिने देवघरातली चिरलेली घंटा दिली होती. ओताऱ्याने तिचे दोन आकडे ओतले. एक गलबताच्या केबिनच्या खिडकीला गेला, एक घरच्या खिडकीला राहिला.

फुटल्या गलबताचं सामान भंगारात जातं आणि तिथून कुठल्या होडीला लागेल, काही नेम नाही. तसा तो या लाँचला लागला होता.

मी स्क्रू काढून आकडा तिच्यापुढे धरला. तिने घेतला नाही. "तुम्ही धातू वळखता. बघून सांगा… ते आत कोंडले काय?"

काहीतरी गोड बोलून सुटावं असं वाटलं… पण या बाईला आता खरं कळायला हवं होतं. मग आकडा उजेडात नेऊन नीट तपासला.

खिडकीला बसवायच्या पट्टीची भोकं चिरलेली. म्हणजे लाटांनी खिडकी आपटून आपटून फोडली, तेव्हा आकडा तिच्यावरच होता. पण आकड्याचं टोक शाबूत, मान शाबूत. कासं वाकत नाही, मोडतं. तेव्हा तो अडकवलेला असता तर मान तुटलीच असती. वादळात तांडेल सगळे आकडे आधी घालून घेतो… म्हणजे हा नंतर कुणीतरी हाताने काढला होता. आतून.

"वैनी, खिडकी आतून उघडलीय," मी म्हटलं. "ते कोंडले नाहीत. बाहेर पडले."

बाहेर काय होतं ते मला ठाऊक होतं, आणि तिलाही. ती तिथेच फळीवर बसली आणि मोठ्याने रडली. कितीतरी वेळ. मी आपला बाहेर येऊन उभा राहिलो.

दोन्ही आकडे एकत्र पदरात बांधून ती गेली. त्यानंतर ते वाजले नाहीत, असं सदू सांगतो. मी त्याला म्हटलं, अरे, धातू तापताना-निवताना वाजतो कधीकधी. त्याला पटलं. मला अजून पटलेलं नाही.

जाताना ती एवढंच म्हणाली होती, "काळोखात नाय गेले ते. आभाळ दिसला असंल त्यांना." गोदीत शिकलो ती पोटापुरती विद्या, असं मी समजत होतो. त्या दुपारी मात्र देवाचे मनापासून आभार मानले… की मला कासं ओळखता येतं.