वाहत्या पाण्याची पूजा

रामाकोन्यात कुणाच्या घरची बाळंतीण सव्वा महिन्याची झाली की देवकाबाईला बोलावणं ठरलेलं. विहीर पुजल्याशिवाय बाळंतिणीने पाण्याच्या भांड्याला हात लावायचा नाही, आणि विहीर कशी पुजायची ते देवकाबाईने सांगायचं. विहिरी आटल्या, बोअर आले, तसे लोक नळालाच कुंकू लावू लागले. ही बाई मात्र प्रत्येकीला कन्हान नदीवर घेऊन जायची. "साचलं पानी मुकं असते, वाहतं पानी लेकराले वळखते," असं ठणकावायची. तिच्याशी हुज्जत म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मी मीना, तिची शेजारीण. सौंसरला शाळेत शिकवते, आणि तिचा व्हिडिओ कॉल लावून द्यायचं काम माझ्याकडे. तिचा एकुलता एक रोशन अमेरिकेत, मिनेसोटाला नोकरी करतो. तिथे तळ्यांना तोटा नाही, एक तळं दुसऱ्याला ओढ्याने जोडलेलं. हिवाळ्यात त्याने गोठलेल्या तळ्यावर उभ्या गाड्या दाखवल्या होत्या, बर्फाला भोक पाडून मासे धरणाऱ्यांची खोपटी दाखवली होती. म्हातारी तेव्हा पोट धरून हसली होती.

मार्च संपता संपता तिचा नातू सव्वा महिन्याचा झाला. बारसं तिने फोनवरच पाहिलं होतं. निदान पाणी तरी रीतीने पुजा, एवढाच तिचा हट्ट. नातवाचं तिच्या सांगण्याने होणार ते एवढंच, म्हणून सगळा जीव त्यात अडकलेला.

"आई, घरच्या नळाचीच करतो ना," रोशन म्हणाला होता.

"नळाले काय लेकरू दाखवतं का रे?"

आमच्या संध्याकाळी फोन लागला, तेव्हा तिकडे सकाळ होती. शेवटी आईचंच ऐकून रोशन फोन धरून गोठलेल्या तळ्यावरून चालत होता. त्याच्या मागे बायको अश्विनी, छातीशी बांधलेलं बाळ, हातात हळदीकुंकवाचं ताट. मी पाहिलं तर तळ्यावर एकही खोपटं नव्हतं. गाडी नाही, माणूस नाही.

"रोशन, लोक कुठे गेले रे?"

"सगळं उचलून नेलं, ताई. थंडी सरत आली ना."

मी फोन डोळ्यांजवळ नेला. तळ्यातून ओढा निघत होता तिथला बर्फ काळपट दिसत होता, आणि त्याच्या पलीकडे पाण्याची पट्टी हलत होती. देवकाबाई खाटेवर सरसावून बसली.

"तेच! पाह्य, कसं वाहून राहिलं! तिथंच चाला."

"मावशी, नको. खालून पाणी वाहतं तिथे बर्फ पातळ असतो."

"तू पोट्ट्यायले पुस्तकं शिकव वो. पानी मले नोको शिकवू."

अश्विनी थांबली. "आई, खालून आवाज येऊन राहिला."

"पानी बोलतेच बाई. लेकराले घेऊन समोर ये."

अश्विनी जागची हलली नाही. रोशनला आईचं मन मोडवेना. त्याने बायकोकडे फोन दिला, ताट घेतलं आणि एकटाच पुढे गेला. आम्हाला त्याची पाठ दिसत होती. म्हातारी इकडे हात जोडून पुटपुटत होती.

कडकन आवाज झाला आणि रोशन छातीपर्यंत खाली गेला. अश्विनीच्या हातून फोन पडला. मग नुसतं पांढरं आभाळ, आणि अश्विनीच्या किंकाळ्या. "मागं ये, रोशन, मागं ये!" देवकाबाई माझ्या हातातला फोन ओढत ओरडत होती. तेवढ्यात कॉल तुटला.

काठावरच्या कुणीतरी दोर टाकून त्याला ओढलं, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. रोशन वाचला. अश्विनी त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. मला तिचा राग येत नाही, आणि म्हातारीची कीव आल्याशिवाय राहत नाही.

अजूनही दर रविवारी मी फोन लावून देते. अश्विनी उचलते, तब्येत विचारते, औषधाची आठवण करते.

"लेकराले दाखव ना, माय."

"झोपला आहे, आई."

तिच्या मागून पोराचं खिदळणं स्पष्ट ऐकू येत असतं. देवकाबाई माझ्याकडे बघत नाही.

"झोपू दे," ती म्हणते. "झोपू दे त्याले."