वळचणीपासून आढ्यापर्यंत

माझं पहिलं पोस्टिंग मिशिगनच्या उत्तर भागात, एका ट्रेनिंग कॅम्पवर झालं. इंजिनिअर प्लॅटून, म्हणजे फौजेतली बांधकामाची तुकडी. मिशिगनमधल्याच नोव्हाय गावात वाढलेल्या मुलीने फौजेत जावं हे बाबांना पटलेलं नव्हतंच. तिथे मी रायफलपेक्षा स्क्रू-गन जास्त चालवते हे कळल्यावर ते फोनवर म्हणाले, "मग सरळ इंजिनिअरिंगच करायचं ना, यार." देवधर हे आडनाव प्लॅटूनमध्ये कुणाला झेपलं नाही. पहिल्याच दिवशी मी 'डेव्ह' झाले.

लोक मला लढाईबद्दल विचारतात. मी लढाई पाहिली नाही. मी एक छप्पर पाहिलं.

बरॅक लाकडी होती, लांबट, दोन्ही बाजूंना उतरतं छप्पर. वरच्या मजल्यावरचे झोपायचे बंक थेट वाशांखाली. हिवाळी ट्रेनिंगला येणाऱ्या तुकड्या तिथे झोपत आणि कुडकुडत. हुकूम आला: बर्फ पडायच्या आत छपराला आतून इन्सुलेशन, म्हणजे थंडी अडवणारा थर, लावा. डोक्यावर धड छप्पर असणं ही कुणाची मेहरबानी नाही, तो झोपणाऱ्याचा हक्क आहे, असं मी मानते. त्यामुळे हे काम मला कधीच हलकं वाटलं नाही.

माझा टीम लीडर कॉर्पोरल मातेओ रुईझ. बोलका, चेष्टेखोर, कामात कडक. त्याचे नियम दोन. पहिला: छपराच्या फळ्या आणि इन्सुलेशन यांच्यात दोन बोटं जागा सोडायची, वळचणीपासून आढ्यापर्यंत सलग. आढ्याचं पाणी वळचणीला जातं असं आई म्हणायची. छपराच्या पोटातली हवा मात्र उलटी जाते, वळचणीतून शिरून आढ्याशी बाहेर पडते आणि जाताना ओल घेऊन जाते. दुसरा नियम: आतल्या, उबेच्या बाजूला प्लास्टिकचा पडदा अखंड लावायचा. माणसांच्या श्वासातली वाफ त्याच्यापलीकडे जाता कामा नये.

काम संपल्यावर रुईझने टॉयलेट पेपरची एक पट्टी फाडली आणि वळचणीला हवेसाठी ठेवलेल्या झडपेशी धरली. पट्टी आत ओढली गेली.

"बघ डेव्ह, श्वास घेतंय."

"फौजेतली सगळ्यात महागडी टेस्ट," मी म्हटलं.

"म्हणूनच तुझ्या हातात देत नाही."

दोन हिवाळ्यांनंतर आम्हाला त्याच बरॅकवर परत पाठवलं. वरच्या मजल्याचं छत गळत होतं.

आत गेल्यावर पहिल्यांदा दिसले ते हुक. उतरत्या छतात, प्रत्येक बंकच्या वर चार हुक, दोरी लावून आखल्यासारखे एका रेषेत. त्यांवर ओली जॅकेटं, ओले मोजे, रकसॅक. खाली हीटर. इन्स्पेक्शनला प्रत्येकाचं सामान एकाच उंचीवर दिसावं म्हणून कॅम्पचे कमांडर कॅप्टन ब्रँट यांनी ते ठोकून घेतले होते. सामान खरोखरच सुंदर दिसत होतं. आणि प्रत्येक हुक आमच्या पडद्यातून आरपार गेला होता.

वळचणीच्या झडपांमध्ये फौजी ब्लँकेटं कोंबलेली होती. थंडी आत येते म्हणून. फट दिसली की बुजवायची ही आमची शिकवण. तंबूत, बंकरमध्ये, गॅस मास्कमध्ये फट म्हणजे शत्रूचं दार. छपरातली फट राखायची असते, हे ज्याने ब्लँकेट कोंबलं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

कॅप्टन सकाळीच वर आले.

"रुईझ, छप्पर गळतंय. वर जा, बर्फ उतरव, भोक शोध."

"सर, भोकं वर नाहीत. आत आहेत. हे हुक."

"हुक गळतात?"

मागे कोणीतरी हसलं. रुईझही हसला.

"हुक नाही सर, आपण गळतो. आठवडाभर बाहेर सगळं गोठलेलं आहे, पाणी येणार कुठून? ही आपलीच वाफ. भोकांतून वर जाते, गार फळ्यांना लागते आणि पाणी होते. वर माणूस चढवण्याआधी आतून उघडून बघू."

कॅप्टन मूर्ख नव्हते. त्यांनी वर बोट केलं. "आज रात्री चाळीस जण इथे झोपणार आहेत. वर मांडीएवढा बर्फ आहे. लाकूड ओलं असेल तर तो आत कोसळेल. आधी वजन उतरवा."

त्यात तथ्य होतं. भांडायला जागाच राहिली नाही.

"सर, मी तोवर आतून छताचं एक पॅनल उघडते," मी म्हटलं.

"उघड."

प्लॅटूनमधली बाकीची पोरं नवीन होती. रुईझने स्वतःच दोराला बांधून घ्यायचा हार्नेस अंगावर चढवला. "डेव्ह, माझं चिली मॅकचं जेवणाचं पाकीट कोणाला दिलंस तर वरून बघेन."

त्याने शिडी लावली, आढ्याजवळचा बर्फ खरवडून फळ्यांमध्ये लोखंडी अँकर स्क्रूंनी बसवला आणि त्यात हार्नेसचा दोर अडकवला. मला रेडिओवर त्याचं खरवडणं ऐकू येत होतं. मी आढ्याखालच्या पॅनलचे स्क्रू काढले, पडदा कापला. इन्सुलेशन भिजलेल्या गोधडीसारखं अंगावर आलं. मी टॉर्च मारला. फळी काळी पडली होती. मी बोट टेकवलं. बोट आत गेलं.

"रुईझ, डेव्ह बोलतेय. काम थांबव. आढ्याशी लाकूड कुजलंय. तुझा अँकर त्याच लाकडात आहे. ओव्हर."

"कॉपी. शिडीकडे येतो."

"दोरावर भार टाकू नकोस. हळू."

"हळूच आहे." मग वर काहीतरी करकरलं. "डेव्ह, मी हललो नाही. बर्फ हलतोय."

माझ्या डोक्यावर अँकरचे स्क्रू लाकडातून बाहेर आले. आवाज फार झाला नाही. ओलं लाकूड मोडताना ओरडत नाही. छपरावरून काहीतरी जड घसरत गेल्याचा आवाज मात्र मी वळचणीपर्यंत ऐकला.

मी रेडिओवर दोनदा त्याचं नाव घेतलं. मग खिडकीबाहेर कोणीतरी "मेडिक!" म्हणून ओरडलं. मी खाली पोचले तेव्हा कॅप्टन हातांनी बर्फ उपसत होते, हातमोजे न घालता.

रुईझ हॉस्पिटलच्या वाटेतच वारला.

त्या रात्री चाळीस जण जिमच्या फरशीवर झोपले. बरॅकचं छप्पर मधोमध वाकलेलं होतं, पण कोणी त्याखाली नव्हतं. दुसऱ्या दिवशी फॉर्मेशनमध्ये एक लेफ्टनंट म्हणाले की कॉर्पोरल बर्फावरून घसरले. मी रांगेतून म्हटलं, "बर्फ नाही, सर." रांगेतून बोलणं हा गुन्हा असतो. मला गप्प करायच्या आत कॅप्टन ब्रँट पुढे आले. "ती बरोबर आहे. हुक मी लावले होते." मग ते बरॅकमध्ये गेले आणि एकेक हुक स्वतः काढू लागले. त्यांना मदत करायला कोणी गेलं नाही. मीही नाही.

आता मी ॲन आर्बर, नोव्हायकडे छपरांचंच काम करते. परवा एका मराठी घरी माळ्यावर होते. काकू शिडीशी चहा घेऊन उभ्या.

"अगं, एवढी फट कशाला सोडतेस? पैसे देतोय ना, भरून टाक सगळं गच्च."

"काकू, पुढेमागे इथे सामान टांगायला हुक लावणार का?"

"लावू की! दिवाळीचे कंदील टांगून ठेवायचेत."

"नाही लावायचे." माझा आवाज चढला असावा. काकूंनी कप शिडीवर ठेवला.

मी खिशातून कागदाची पट्टी काढली, वळचणीशी धरली. पट्टी थरथरली आणि आत ओढली गेली.

"हे कोणी शिकवलं गं तुला?"

"कॉर्पोरल मातेओ रुईझने," मी म्हटलं, आणि शेवटचं पॅनल बंद केलं.