बिनफोडणीचे बटाटे

ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं, मुदपाकखान्यातली माणसं कमी झाली आणि तिथे स्वयंपाकी असलेले आमचे हे दाना ओली गल्लीतल्या घरी बसले. मुदपाकखान्यात साहेबलोकांसाठी करायचे तसे उकडलेले बटाटे चाळणीवर दाबून, लोणी-दूध घालून घरी घोटायचे. सासूबाई म्हणायच्या, "ना फोडणी, ना तिखट. कोण आजारी आहे रे?"

पुढे यांच्याच घशात गाठ झाली. दुसरं काही गिळवेना. मग मी चाळणी घेतली. पहिल्याच घासाला म्हणाले, "गुठळी राहिली गं. साहेबानं परत पाठवलं असतं."

मी पुन्हा दाबून आणले, तोवर ते गेले होते.

माणूस गेलं की घरातलं शिजलेलं टाकून देतात. सासूबाईंनी ती वाटी टाकू दिली नाही. भिंतीकडे तोंड करून त्यांनी सगळे बटाटे खाल्ले, बिनतिखटाचे.